सगूचा उपाशी डगला

डोंगराने वाट दिली नाही म्हणून नदी जिथे रुसून वळते, त्या वळणावर कुरणवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे नुसतं पाणी होतं. लहरी नदी सकाळी उंबऱ्याशी आली, दुपारी चुलीशी आली, आणि दिवेलागणीला सगळ्या घरांत तीच राहायला लागली. माणसं आपापली बोचकी उचलून बाहेर पडली.

त्यातल्याच एका बोचक्यावर आज सगू बसली होती. सगू सात वर्षांची. तिच्या परकरावर पिवळी पिवळी फुलं होती, वेणीत निळी रिबीन होती, आणि नाकाचा शेंडा रागाने लालबुंद झाला होता.

"चार दिवसांत तिसऱ्यांदा उठवलं!" ती म्हणाली. "आई, आपण काय मांजरीची पिल्लं आहोत, सारखी इकडून तिकडे न्यायला?"

आईने ओठांवर बोट ठेवलं. तिच्या मांडीवर वर्षाची चिमी झोपली होती.

पहिल्या दिवशी सगळ्यांना शाळेत ठेवलं होतं. मग शाळा भरायची म्हणून देवळात पाठवलं. देवळात उत्सव निघाला म्हणून बाजाराच्या छपराखाली पाठवलं. आज बाजाराचा वार, म्हणून तिथूनही उठवलं. दर वेळी राजाचे कारभारी यायचे. काठीसारखे बारीक, आणि डोक्यावर काळ्या रेशमाची भलीमोठी छत्री.

"उठा, उठा!" ते म्हणायचे. "तात्पुरतं होतं हो, तात्पुरतं! इथे आता जागा नाही."

आता गाव येऊन बसलं होतं टेकडीच्या माथ्यावर, देवराईच्या कडेला. वर आभाळ, खाली चिखल, आणि मध्ये बोचकी.

भिजण्याचं सगूला एवढं वाटत नव्हतं. तिच्या छातीत एक वेगळाच खडा टोचत होता. तिचे बाबा नावाडी होते. पलीकडच्या काठाला छपरांवर अडकलेल्या माणसांना काढायला ते नाव घेऊन गेले होते. जाताना त्यांनी सगूची हनुवटी धरून सांगितलं होतं, "आई आणि चिमीला घेऊन शाळेत थांब. काम झालं की मी थेट शाळेतच येतो."

आणि सगू काही शाळेत नव्हती! दर वेळी उठताना तिने बाबांच्या जुन्या लाल मुंडाशाची एकेक चिंधी मागे बांधून ठेवली होती. एक शाळेच्या गजाला, एक देवळाच्या कट्ट्याला, एक बाजारातल्या खांबाला. पण बोटभर चिंधी ती, बाबांना दिसणार कशी? आणि दिसली तरी ती काय सांगणार, की पुढे कुठे जा म्हणून?

"घर गेलं, दार गेलं," शेजारून शेवंताकाकू म्हणाल्या, "आणि या गिरजेने वाचवलं काय, तर बोचकंभर चिंध्या! वा गं वा!"

शेवंताकाकूंनी पितळेचा हंडा वाचवला होता. त्याचं तोंड फडक्याने करकचून बांधलं होतं आणि काकू त्याला लेकरासारखं कवटाळून बसल्या होत्या. आत काय आहे, असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "पाणी. देवाचं पाणी."

"त्या चिंध्यांत तुमच्या लग्नातल्या खणाचाही तुकडा आहे, काकू," सगूची आई शांतपणे म्हणाली.

गिरजा गावाच्या गोधड्या शिवायची. त्या बोचक्यात घराघरातलं काही ना काही होतं. काकूंनी हंडा आणखी घट्ट कवटाळला.

सगू उठली आणि कोरड्या काटक्या शोधायला देवराईत शिरली.

आत सगळं हिरवंगार आणि ओलंचिंब होतं. पानापानाच्या टोकाला थेंबांचे लोलक लटकत होते. शेवाळाच्या मऊमऊ गादीवर तांबूस, पांढुरकी, केशरी अळंबी उगवली होती, आणि त्यांतल्या एका अळंबीखालून आवाज आला, "आँक्छी!"

शिंकेबरोबर निळ्या-सोनेरी ठिणग्यांची चिमूटभर फवारणी झाली.

"हीसुद्धा गळते!" एक चिमुकला, चिडका आवाज म्हणाला. "मी म्हणते, अख्ख्या रानात एक तरी न गळणारी छत्री असेल का?"

सगूने वाकून पाहिलं. अळंबीखाली बोटाएवढी परी बसली होती. तिचा झगा जांभळाच्या रंगाचा, मुकुट एका बाजूला वाकलेला, आणि चतुराच्या पंखांसारखे तिचे झिरझिरीत पंख भिजून पाठीला चिकटलेले.

"तू परी आहेस?" सगूने विचारलं.

"नाही, भेंडी आहे!" परी म्हणाली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. "रागावू नकोस गं. माझं नाव थेंबुली. चार दिवस झोप नाही मला. मी जास्वंदीत राहत होते, ती गळून पडली. मग बांबूच्या पेरात गेले. भुंगा म्हणाला, हे माझं आहे, ऊठ. मग सुतारपक्ष्याच्या ढोलीत गेले. तो म्हणाला, दोन दिवस राहा, तात्पुरतं..."

"तुलासुद्धा तात्पुरतं!" सगू म्हणाली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा खुदकन हसली.

हसता हसता तिने परकराच्या काठाचं एक पिवळं फूल टर्रकन फाडलं. सुई-दोरा तिच्या पोलक्याच्या गळ्याला टोचलेलाच असायचा. गोधडीवालीची लेक ती! इवल्या इवल्या टाक्यांनी तिने परीसाठी एक डगला शिवला. मान वर काढायला भोक ठेवलं, खाली भरपूर घेर ठेवला. शेवटच्या कोपऱ्यात तिने भाकरीचा मोहरीएवढा कण घातला आणि तो शिवून टाकला.

"हे काय?" थेंबुलीने विचारलं.

"घास. आमच्याकडे कुठलीही गोधडी पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात घास भरतात. उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं आई म्हणते."

थेंबुलीने डगला अंगात घातला. उभी राहिली तर डगला. खाली बसून मान आत घेतली तर पिवळाधमक तंबू! आतून तिचा आवाज आला, "अय्या! माझं घर माझ्याच अंगावर! आता कुठला भुंगा मला उठवतो, बघतेच मी!"

मग ती बाहेर आली, मुकुट सरळ केला आणि म्हणाली, "माग. एक इच्छा माग."

"एकच? गोष्टीत तर तीन असतात."

"गोष्टीत कांडी कोरडी असते!"

सगूने क्षणभरही विचार केला नाही. "मला माझे बाबा हवेत."

थेंबुलीचा चेहरा एकदम मऊ झाला. "माणूस उचलून आणणं भिजलेल्या कांडीला जमत नाही, बाळा. ती आता फक्त हाताने शिवलेल्या कापडावर चालते."

"मग असं घर दे, की ज्यातून आम्हाला कोणी उठवणार नाही. आणि जे बाबांना लांबून दिसेल."

"देते. पण नियम आहेत."

"नियम!" सगूने कपाळावर हात मारला. "कारभाऱ्यांचेही नियम, तुझेही नियम!"

"मी काय करू? कांडीबरोबर आलेत ते." थेंबुली शिंकली आणि बोटांवर मोजत सांगू लागली. "घर म्हणजे डगला. तो तू आणि तुझ्या आईने शिवायचा. मी तो उघडून देईन. आत जो येईल त्याने स्वतःच्या कापडाचं एक ठिगळ त्याला जोडायचं. आणि मुख्य म्हणजे, कोणीही दाराशी आलं तरी 'जागा नाही' असं म्हणायचं नाही. म्हटलंस, की डगल्याच्या पुन्हा चिंध्या."

"मनातल्या मनात म्हटलं तर?"

थेंबुलीने थोडा विचार केला. "मनात म्हण हवं तर. तेवढं चालतं."

त्या दुपारी आईने बोचकं सोडलं. चिखलात जणू बाग फुलली! डाळिंबी, मोरपिशी, हळदी, आमसुली. कोणाच्या साडीचा जरतारी काठ, कोणाच्या बाळाच्या टोपड्याचं टोक. परीची गोष्ट आईला कितपत खरी वाटली कोण जाणे, पण लेक चार दिवसांनी हसतेय म्हटल्यावर तिने सुई हातात घेतली. दोघींनी भराभर धावदोरा घातला. पाठीवर मधोमध बाबांच्या मुंडाशाचा उरलेला लाल तुकडा लावला, उगवत्या सूर्यासारखा गोल.

शेवटचा एक कोपरा उरला तेव्हा आई झऱ्याचं पाणी आणायला गेली. सगूजवळ भाकरीचा अखेरचा चतकोर होता. ती त्यातला घास मोडणार, इतक्यात चिमी जागी झाली. ओठ काढून रडली आणि भाकरीकडे बोट दाखवू लागली.

सगूने कोपऱ्याकडे पाहिलं. चिमीकडे पाहिलं. मग सगळा चतकोर कुस्करून तिने चिमीला भरवला, अगदी शेवटच्या कणापर्यंत. कोपरा तसाच रिकामा शिवून टाकला. 'एवढ्याशा घासाने काय होतंय,' ती मनाशी म्हणाली.

संध्याकाळी आभाळ पुन्हा फुटलं. सगूने डगला अंगात घातला आणि दोन्ही हात पसरले. थेंबुलीने कांडी टेकवली. फर्र्र! डगला मोराच्या पिसाऱ्यासारखा उलगडला. टाक्याटाक्यांतून चांदण्या लुकलुकल्या. कापडाचं छप्पर वर चढलं, भिंती खाली उतरल्या, आणि सगू, आई, चिमी रंगीबेरंगी घरात उभ्या राहिल्या.

लगेच बाहेरून आवाज आला. "गिरजे! ए गिरजे! माझ्या हंड्यापुरती तरी जागा आहे का गं?"

शेवंताकाकू! 'चिंध्यांच्या घरात कशाला येता?' असं सगूच्या जिभेवर आलं होतं. तिने ते कडू काढ्यासारखं गिळलं. "या काकू. पण ठिगळ द्यावं लागेल."

काकूंनी कुरकुरत लुगड्याचा तुकडा फाडला आणि टाका घातला. तसा डगला वाढला, आणि त्याला एक जादा बाही फुटली. काकूंनी त्यात हात घातला. मग एकेक करून सगळी कुरणवाडी आली. जितकी ठिगळं तितक्या बाह्या! सगळ्या गावाने मिळून एकच डगला घातला होता.

पण ऊब? नावालाही नव्हती. बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गारठा. आणि मग आवाज आला, "चप्प!"

सगूची निळी रिबीन नाहीशी झाली.

"चप्प!" काकूंच्या पदराचा काठ गेला.

"कोण खातंय गं माझं लुगडं?" काकू ओरडल्या.

इतक्यात दारात कोणीतरी खोकलं. बघतात तर कारभारी! वाऱ्याने छत्री उलटी झालेली, मिशांतून पाणी ठिबकणारं. त्यांची चावडी बुडाली होती.

"अं... इथे," ते खाली बघत म्हणाले, "इथे जागा आहे का?"

सगळे सगूकडे बघू लागले. सगूचं नाक लाल झालं, कान लाल झाले. शाळा आठवली, देऊळ आठवलं, बाजार आठवला. शब्द अगदी दातांपर्यंत आले. मनात तिने ते तीनदा म्हटले, मोठ्याने, पाय आपटून.

मग तोंडाने म्हणाली, "या. तात्पुरते या."

सगळे असे हसले, की चिमीसुद्धा टाळ्या वाजवू लागली. कारभारी आत आले. आणि कच्च, कच्च, गटक! डगल्याने त्यांची छत्री खाऊन टाकली. काड्या तेवढ्या थू थू करून बाहेर फेकल्या. कारभाऱ्यांच्या हातात छत्रीची मूठ आणि काळ्या रेशमाचा एक तुकडा उरला.

"सगू!" थेंबुली तिच्या खांद्यावर उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या डगल्याला घास भरलास का?"

आईने वळून पाहिलं. "सगू? शेवटचा कोपरा तू शिवलास ना?"

सगूचे डोळे भरले. "एकच चतकोर होता, आई. चिमी रडत होती. मी तिलाच दिला सगळा. मला वाटलं, डगल्याला काय कळतंय!"

"कळतं हो," थेंबुली हताशपणे म्हणाली. "उपाशीपोटी सगळ्यांनाच सगळं कळतं. आता कोणीतरी आपणहून घास दिला तरच हा थांबेल."

पण चार दिवसांच्या त्या पुरात भाकरी होती कोणाकडे? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवंताकाकू मात्र हंड्याकडे बघत होत्या. मग चिमीकडे. चिमीच्या गालाला भाकरीचा कण चिकटला होता.

"मेली पोर!" काकू एकदम खेकसल्या. "आधी बोलायचं नाही? लेकराला भूक लागली, तर शेजारी मी काय मेले होते?" आणि त्यांनी हंड्याचं फडकं सोडलं. आत सात भाकऱ्या होत्या!

"हे पाणी का हो, काकू? देवाचं?" मागून कोणीतरी विचारलं.

"देवाचंच आहे! चार दिवसांत घट्ट झालं!" काकू म्हणाल्या, आणि पहिला घास मोडून त्यांनी सगूच्या हातावर ठेवला.

सगूने कोपरा उसवला, घास आत ठेवला आणि टाका घातला. डगल्याने एक मोठ्ठा सुस्कारा सोडला. कोमट दुधासारखी ऊब छपरावरून उतरली आणि सगळ्यांच्या गार पायांपर्यंत पोचली. उरलेल्या भाकऱ्या चतकोर चतकोर सगळ्यांना पुरल्या.

कारभाऱ्यांना ठिगळ जोडायला मात्र फार वेळ लागला. त्यांनी जन्मात सुई धरली नव्हती.

"आई गं! टोचली! अहो, मी राज्याचा कारभारी आहे!"

"मग एका टाक्याला एवढा वेळ?" काकू म्हणाल्या. "राजाला कळवायचं का?"

दोरा सात वेळा गुंतला आणि शेवटी ते काळं रेशमी ठिगळ लागलं. कारभाऱ्यांना बाही फुटली. ती जरा तोकडी होती, पण होती. मग सगळे एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून गाढ झोपले.

पहाटे पाऊस थांबला. सगूला जाग आली तेव्हा थेंबुली काकूंच्या हंड्यावर बसून आळस देत होती. तिचे पंख वाळले होते आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकत होते.

"थेंबुली," सगू हळूच म्हणाली, "तूही आत झोपलीस. तुझं ठिगळ?"

"अरे देवा!" थेंबुलीने डोकं धरलं. "माझाच नियम माझ्याच गळ्यात!"

तिने आपल्या पिवळ्या डगल्याकडे पाहिलं आणि तो घट्ट ओढून घेतला. तो काही तिला देववेना. मग तिने आपल्या पंखातून एक धागा अलगद ओढला. उजेडाचा धागा. सगूच्या सुईत ओवला आणि मुंडाशाच्या लाल गोलावर एक टाका घातला. धागा उलगडत गेला, आणि थेंबुली फिकट, सोनेरी, झुळझुळीत होत गेली.

"तू चाललीस?" सगूने तिच्या डगल्याचं टोक धरलं. "कुठे राहशील?"

"वेडी गं वेडी! घर अंगावर आहे ना माझ्या? मी कुठेही गेले तरी घरातच असेन." आणि गुलाबी, केशरी, निळ्या लखलखाटात ती विरून गेली. हवेत फक्त एक बारीकशी शिंक ऐकू आली.

डगला उजळला. एकेक ठिगळ दिव्यासारखं पेटलं, आणि मधोमध तो लाल सूर्य झळाळला. त्या उजेडाने कारभारी दचकून जागे झाले आणि सवयीने ओरडले, "उठा, उठा! हे तात्पु—"

"चप्प!" डगल्याने त्यांची शेंडी धरली.

कारभाऱ्यांनी वर पाहिलं. छपरात सगळ्यांच्या रंगांमध्ये त्यांचं वेडंवाकडं काळं ठिगळ चमकत होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे तर माझंही छप्पर आहे," ते पुटपुटले. मग घसा साफ करून म्हणाले, "ही टेकडी कुरणवाडीची. इथे घरं बांधा. कायमची." डगल्याने शेंडी सोडली.

आणि त्याच वेळी खालून, नदीवरून, हाक आली. "सगूऽऽ! गिरजाऽऽ!"

सगू डगल्यातून सुटून धावत निघाली. काठाला नाव लागली होती. चिखलाने माखलेले बाबा धापा टाकत वर येत होते, आणि त्यांच्या मुठीत तीन लाल चिंध्या होत्या.

"शाळेत थांब म्हटलं होतं ना!" ते दुरूनच ओरडले. "शाळेत गेलो, नाही. देवळात गेलो, नाही. बाजारातही नाही! रात्रभर नदी पालथी घातली. जीव टांगणीला लागला माझा! आत्ता टेकडीवर माझं मुंडासं पेटलेलं दिसलं, म्हणून आलो!"

सगूला केवढं सांगायचं होतं! चार दिवसांच्या तक्रारी तिने एकावर एक रचून ठेवल्या होत्या. पण बाबांच्या ओल्या सदऱ्यात नाक खुपसल्यावर त्यांतली एकही आठवेना. सगळं शेवंताकाकूंनीच सांगितलं, दोन-चार पदरच्या गोष्टी घालून.

बाबा डगल्याच्या दाराशी आले. आत वाकून, हसत त्यांनी विचारलं, "जागा आहे का हो?"

"या!" सगळी कुरणवाडी एका सुरात ओरडली. त्यात कारभाऱ्यांचाही आवाज होता.

सगूने त्यांच्या मुठीतल्या तीन चिंध्या घेतल्या आणि लाल सूर्याच्या कडेला एकेक करून शिवल्या. बाबांना बाही फुटली, चांगली लांब आणि ऐसपैस. त्या एका बाहीत बाबांचा हात मावला आणि सगूही.

पुढे टेकडीवर घरं झाली. डगला गावामधल्या चिंचेच्या फांदीवर टांगलेला असतो. दर वर्षी त्याला नवा घास भरतात. लहरी नदी रुसली, की खालच्या गावांतली माणसं भिजत, कुडकुडत टेकडी चढून येतात आणि विचारतात, "जागा आहे का?"

कुरणवाडीत त्यांना कोणीही नाही म्हणत नाही. फार वैताग आला, तर मनातल्या मनात म्हणतात. तेवढं चालतं.